असाइनमेंट पाठवण्याआधी गुणपत्रक लिहा: भरतीत घरी करायचं काम कसं द्यावं आणि कसं तपासावं

एका पदासाठी ८० अर्ज आले आणि सगळ्यांनाच ३ तासांची असाइनमेंट पाठवली, तर उमेदवारांचे मिळून २४० तास जातात. त्यातल्या ७९ जणांना ही नोकरी मिळणारच नसते. इकडे तपासणाऱ्याने प्रत्येक उत्तराला ४० मिनिटं दिली तर ५३ तास लागतील. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो, म्हणून प्रत्यक्षात फाइल ४ मिनिटांत चाळली जाते. समोरच्याच्या ३ तासांना आपली ४ मिनिटं. असाइनमेंट या प्रकाराबद्दल उमेदवारांच्या मनात जो राग आहे, त्याचं मूळ बहुतेक वेळा या हिशेबात असतं.

तरीही हा प्रकार टाकून देण्यासारखा नाही. नोकरीतलं काम करायला लावून माणूस निवडणं ही जुनी आणि बरीच अभ्यासलेली पद्धत आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तोवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात कामाच्या नमुना-चाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५४ निघाला होता. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा ०.१८. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले तेव्हा नमुना-चाचणी ०.३३ वर आली आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर. १ म्हणजे अचूक भाकीत, ० म्हणजे काहीच संबंध नाही, असं हे माप आहे. यातून घ्यायचं ते एवढंच: काम करून घेणं उपयोगी आहे, पण एकट्याने पुरेसं नाही. घरी केलेल्या कामात तर ते कुणी केलं आणि किती वेळ लावून केलं हेही दिसत नाही. म्हणून असाइनमेंट आणि तिच्यावरची चर्चा ही एकच चाचणी समजायची. चर्चेला वेळ नसेल तर असाइनमेंटही देऊ नये.

कुणाला, कोणत्या टप्प्यावर

अर्जांचा ढीग कमी करण्यासाठी असाइनमेंट वापरू नका. ते काम सीव्ही, अर्जातले दोन-तीन नेमके प्रश्न आणि १५-२० मिनिटांचा फोन यांनी होतं. पगाराची अपेक्षा, रुजू व्हायची तारीख, कामाची वेळ आणि जागा या गोष्टी त्या फोनवरच स्पष्ट करा. पगार जुळतच नाही हे उमेदवाराला असाइनमेंट करून झाल्यावर कळलं, तर त्याचा वेळ तुम्ही वाया घालवलात.

फोननंतर ४ ते ६ जण उरले की असाइनमेंट द्या. ६ पेक्षा जास्त जणांना द्यावीशी वाटत असेल तर आधीची चाळण सैल आहे. आणि ज्याला घ्यायचं नाही हे मनात ठरलंय, त्याला 'बघू तरी काय करतो' म्हणून पाठवू नका. उलट बाजूही तितकीच खरी. निवड आतून ठरली असेल आणि बाकीच्यांकडून फक्त कागद भरून घ्यायचे असतील, तर ते लोकांना फुकट राबवणं झालं.

एक साधा नियम पाळता येतो: उमेदवाराचा जितका वेळ मागाल त्याच्या किमान एक तृतीयांश वेळ आपल्या माणसांनी त्या एका उत्तरासाठी काढायचा. २ तासांचं काम असेल तर वाचन आणि चर्चा मिळून ४० मिनिटं तरी. एवढा वेळ कॅलेंडरवर आधी राखून ठेवा आणि मगच ईमेल पाठवा.

आधी गुणपत्रक, मग प्रश्न

घोडं पेंड खातं ते इथे. बहुतेक ठिकाणी आधी एक 'छानसा' प्रश्न सुचतो, तो पाठवला जातो, उत्तरं येतात आणि मग ती वाचताना ठरतं की काय चांगलं म्हणायचं. अशा वेळी वाचणाऱ्याला जे उत्तर आपल्यासारखं वाटतं, ते जिंकतं.

म्हणून क्रम उलटा करा: कशाला किती गुण द्यायचे ते सांगणारं गुणपत्रक आधी लिहा. या पदावरच्या माणसाला पहिल्या ३ महिन्यांत काय काय करावं लागेल त्याची यादी काढा. त्यातल्या ज्या गोष्टी शिकवता येतील त्या खोडा. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अहवालाचा साचा, अंतर्गत संज्ञा, हे सगळं पंधरवड्यात शिकता येतं. त्यावर गुण ठेवून उपयोग नाही. जे उरतं ते ४ निकषांत बसवा. ५ चालतील, ७ नाहीत, कारण ७ निकषांवर लक्षपूर्वक गुण देणं तिसऱ्या उत्तरापर्यंतच जमतं.

डेटा विश्लेषकाच्या पदासाठीचं गुणपत्रक असं असू शकतं: डेटातले दोष सापडले का (भार ३), निष्कर्ष आकड्यांना धरून आहे का (भार ३), आकड्यांची सवय नसलेल्या माणसाला कळेल असं लिहिलंय का (भार २), शंका कुठे उरते ते प्रामाणिकपणे सांगितलंय का (भार २). प्रत्येकाला ० ते ३ गुण, भाराने गुणून एकूण ३० पैकी. १० पैकी गुण देऊ नका. ६ आणि ७ यांत फरक काय हे कुणालाच सांगता येत नाही. ० ते ३ मध्ये प्रत्येक पायरी शब्दांत लिहिता येते.

आणि ती लिहायचीच. 'दोष सापडले का' या निकषासाठी: ० म्हणजे फाइल उघडून थेट बेरीज केली. १ म्हणजे दुबार ओळी किंवा तारखांचा घोळ, यांपैकी एकच सापडला. २ म्हणजे दोन्ही सापडले आणि त्यांचं काय केलं ते लिहिलं. ३ म्हणजे खोलवरचा दोषही सापडला आणि त्याने निष्कर्ष कसा बदलतो ते सांगितलं. हे लिहायला घेतलं की लगेच कळतं की प्रश्नात कोणते दोष पेरायला हवेत. गुणपत्रक आधी लिहिण्याचा खरा फायदा हाच: प्रश्न आपोआप नेमका होतो.

काम कसं घडवायचं

गेल्या काही महिन्यांत टीमने प्रत्यक्ष केलेलं आणि संपलेलं एखादं काम घ्या. संपलेलं, हे महत्त्वाचं. सध्या अडलेला प्रश्न उमेदवारांपुढे ठेवला की हेतू कितीही स्वच्छ असला तरी फुकटात उत्तर मिळवण्याचा वास येतो. शिवाय त्याचं बरोबर उत्तर तुम्हालाच माहीत नसतं, मग तपासणार कशाशी ताडून? संपलेल्या कामातली नावं, ग्राहकांचे तपशील, खरे आकडे काढून टाका, आणि तुमच्या धंद्याची माहिती नसलेल्यालाही कळेल इतपत ते साधं करा.

वरच्याच विश्लेषकाच्या पदासाठी एक फाइल जवळून पाहू. ६०० ओळींची सीएसव्ही (ओळी आणि रकाने असलेली साधी मजकूर-फाइल), रकाने सहा: तारीख, शाखा, वस्तू, नग, दर, एकूण. प्रश्न एकच: 'कोणत्या शाखेकडे लक्ष द्यायला हवं आणि का, ते एका पानात सांगा.' फाइलमध्ये १२ ओळी दुबार आहेत. ४० ओळींत दिवस आणि महिना उलट लिहिलाय. आणि एका शाखेने मार्चपासून नगांच्या रकान्यात डझनांचा आकडा भरलाय. त्या शाखेची ओळ अशी दिसते: नग १०, दर २०, एकूण २,४००. जो फक्त नगांचा आलेख काढतो त्याला वाटतं, मार्चमध्ये शाखा कोसळली. जो नगाला दराने गुणून पाहतो त्याला २०० आणि २,४०० यांचा मेळ बसत नाही हे दिसतं आणि तो थांबतो. या एका ओळीवर थांबणारा आणि न थांबणारा यांत जो फरक आहे, तोच या पदावर रोज लागणार असतो. यासाठी ६०० ओळी पुरतात. ६०,००० दिल्या तर संगणक दमतो, माणसाबद्दल नवीन काही कळत नाही.

प्रोग्रामरला शून्यापासून ॲप बांधायला सांगू नका. त्यात अर्ध्याहून जास्त वेळ सांगाडा उभा करण्यात जातो आणि नोकरीत तसं काम क्वचितच येतं. त्याऐवजी छोटा, चालू स्थितीतला कोड द्या, त्यात एक नापास होणारी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) ठेवा, कोड दुरुस्त करून ती पास करायला सांगा आणि एक छोटी सोय वाढवायला सांगा. दुसऱ्याचा कोड वाचता येतो का, कमीत कमी जागी हात लावून काम होतं का, हे त्यातून दिसतं. ग्राहकसेवेसाठी ५ पत्रं द्या आणि उत्तरं लिहायला सांगा. त्यातल्या एकात ग्राहकाचंच म्हणणं आत परस्परविरोधी असू द्या आणि एकात नियमात न बसणारी मागणी. संपादकासाठी ४०० शब्दांचा कच्चा मजकूर, त्यात भाषेच्या चुकांबरोबर एक चुकलेली टक्केवारी. डिझायनरला नवी संपूर्ण मांडणी मागण्यापेक्षा असलेल्या एका स्क्रीनमधल्या ३ अडचणी आणि त्यातल्या एकीवरचा कच्चा आराखडा मागा.

फाइल कुठल्याही साध्या संगणकावर उघडली पाहिजे. विकत घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर, नवं खातं, दीड तासाचं इन्स्टॉलेशन यातलं काही लागत असेल तर तुम्ही कौशल्य नव्हे, उमेदवाराकडचं यंत्र तपासताय. चित्रातला मजकूर स्क्रीन रीडरला (अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बऱ्याचदा नीट वाचता येत नाही, म्हणून सूचना स्कॅन करून न देता मजकूर म्हणूनच द्या.

वेळ: कागदावरचा आणि खरा

'२ तास लागतील' असं लिहिलेल्या कामाला ६ तास लागतात, ही उमेदवारांची सर्वात मोठी तक्रार आहे आणि ती बहुधा खरी असते. ज्याने प्रश्न बनवला त्याला उत्तर माहीत असतं, फाइलमध्ये कुठे काय आहे हेही माहीत असतं. म्हणून बनवणाऱ्याचा अंदाज धरू नका. प्रश्न न पाहिलेल्या दोन सहकाऱ्यांना, त्यातला एक नवखा, घड्याळ लावून तो करायला बसवा. सूचना वाचण्याचा आणि उत्तर पाठवण्याचा वेळही त्यात मोजा. जास्त वेळ लागलेल्याचा आकडा घ्या आणि दीडपट करा. उमेदवाराला तेवढा लागेल. सहकाऱ्याला ८० मिनिटं लागली तर उमेदवाराला २ तास. हा आकडा ३ तासांच्या वर गेला तर काम कापा.

तेवढ्याने भागत नाही. नोकरी करून, घरचं सांभाळून अर्ज करणारा खरोखरच २ तास देईल. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे तो दोन रात्री जागेल आणि साहजिकच त्याचं उत्तर चकचकीत दिसेल. तुम्ही मग कौशल्य नाही, फुरसत मोजलीत. याला तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र वापरावेत. उत्तराची लांबी बांधून द्या: एक पान, ५ स्लाइड, ५ पत्रं, त्यापुढचं वाचलं जाणार नाही. 'आणखी वेळ असता तर काय केलं असतं' हे ५ ओळींत लिहायला सांगा आणि त्याला खरे गुण ठेवा. आणि गुणपत्रकात सजावटीला, रंगांना, अ‍ॅनिमेशनला एकही गुण ठेवू नका.

दुसरा मार्ग म्हणजे बंद खिडकी: उमेदवाराने स्वतः वेळ निवडायची, तेव्हा लिंक उघडते आणि ३ तासांनी बंद होते. हे सर्वांना समान आहे, पण घरात लहान मूल असेल किंवा वीज-इंटरनेटचा भरवसा नसेल तर सलग ३ तास मिळणं कठीण. म्हणून खिडकी ठेवलीत तर एकदा पुन्हा उघडून मागण्याची मुभा द्या, कारण न विचारता.

मुदत ७ दिवस, म्हणजे मध्ये एक तरी सुट्टी येते. शुक्रवारी संध्याकाळी पाठवून सोमवारी सकाळी मागू नका. आणखी ३-४ दिवस मागितले तर द्या. मुदतवाढ मागितली म्हणून गुण कापायचे नाहीत.

सूचनांचं पान

हे पान एका पानाचंच असावं. काय करायचं, काय देतोय, काय हवंय, किती वेळ, कसं तपासणार, पुढे काय. निकष आणि त्यांचे भार उमेदवाराला उघड सांगा. पेरलेले दोष सांगू नका, पण 'डेटा तपासून घ्या' एवढं जरूर सांगा. काय तपासलं जातंय हे लपवलं तर तुम्ही त्याची तर्कशक्ती नव्हे, तुमच्या मनातलं ओळखण्याची हातोटी तपासता. नमुना:

'नमस्कार. विश्लेषक पदासाठीच्या पुढच्या टप्प्याचं काम सोबत जोडलं आहे. यासाठी साधारण २ तास लागतील असा आमचा अंदाज आहे. आमच्या दोन सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं आहे. आपण २ तासांनंतर थांबावं, काम अपुरं राहिलं तरी चालेल. काय राहिलं आणि पुढे काय केलं असतं ते शेवटी ५ ओळींत लिहा. त्याचेही गुण आहेत. उत्तर एका पानाचं, पीडीएफ स्वरूपात असावं. पानावर आपलं नाव लिहू नका, फक्त सोबतचा क्रमांक लिहा. फाइलमधला डेटा काल्पनिक आहे. आपलं उत्तर आम्ही निवडीखेरीज कशासाठीही वापरणार नाही, त्यावरचा हक्क आपलाच राहील. हे काम याच पद्धतीने करणं शक्य नसेल तर कळवा. आमच्यासोबत बसून तेच काम करण्याचा किंवा आपलं आधीचं काम दाखवण्याचा पर्याय आहे. शंका असल्यास मंगळवारपर्यंत विचारा. एकाने विचारलेल्या शंकेचं उत्तर आम्ही सर्वांना पाठवतो.'

शेवटचं वाक्य पाळा. एकालाच जास्तीची माहिती मिळाली की तुलना बिघडते.

मोबदला

२ तासांपर्यंतच्या कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी दिले जात नाहीत. द्यावेत असंच आम्ही सांगू. कापूनही ३ तासांच्या वर जाणाऱ्या कामाचे तर द्यायलाच हवेत. रक्कम ठरवणं सोपं आहे: पदाचा मासिक पगार भागिले १६० म्हणजे तासाचा दर, तो सांगितलेल्या तासांनी गुणायचा. सर्वांना सारखी रक्कम, उत्तर पोहोचल्यावर, निकालाची वाट न पाहता. 'चांगलं उत्तर आलं तर देऊ' हे नको; मग ते बक्षीस होतं. आणि रक्कम मिळवण्यासाठी उमेदवाराला चार फॉर्म भरायला लावू नका.

मोबदल्याचा एक आतला फायदाही आहे. ६ जणांना पैसे द्यायचे म्हटलं की सगळ्यांना असाइनमेंट पाठवायची सवय आपोआप सुटते. मोबदला दिला तरी ते काम पुढे वापरण्याचा हक्क मिळाला असं समजू नका. एखाद्याची कल्पना खरोखर हवी असेल तर वेगळं बोलणं, वेगळा करार.

तपासणी

दोघांनी तपासायचं, एकमेकांशी न बोलता. नावं आधी काढून टाकायची आणि ते काम तिसऱ्याने करायचं. फक्त पानावरचं नाव खोडून चालत नाही: वर्ड आणि पीडीएफच्या फाइल-माहितीत लेखकाचं नाव राहतं, फाइलच्या नावातही असतं, आणि प्रोग्रामरच्या कोडमध्ये गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, नाव आणि ईमेल असतं. पीडीएफ नव्याने छापून घ्या. कोडची इतिहासाशिवाय प्रत द्या.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की एका गुणावरून झालेलं मत बाकीच्या सगळ्या गुणांवर पसरतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या गुणांत त्याला ते आढळलं. असाइनमेंट तपासताना हेच होतं. पहिला परिच्छेद सुंदर असला की पुढची चूक क्षम्य वाटू लागते. यावर उपाय म्हणजे आडवं तपासणं: आधी सर्व उमेदवारांचा पहिला निकष, मग सर्वांचा दुसरा. प्रत्येक फेरीत क्रम बदला, नाहीतर पहिल्या वाचलेल्याला कडक गुण आणि शेवटच्याला सैल, किंवा उलट, असं होतं.

खऱ्या उत्तरांना हात लावण्याआधी घड्याळ लावून काम करून पाहिलेल्या सहकाऱ्यांची दोन उत्तरं दोघा तपासनिसांनी स्वतंत्रपणे तपासावीत. गुण बरेच वेगळे आले तर पायऱ्यांचे शब्द सैल आहेत. ते आत्ताच घट्ट करा. नंतर खऱ्या उत्तरांत एखाद्या निकषावर २ किंवा जास्त गुणांचा फरक आला तर दोघांनी बसून उत्तरातली ओळ दाखवत बोलावं. सरासरी काढून मोकळं होऊ नये. ३ आणि १ यांची सरासरी २ येते, पण त्यात एकाला दिसलेलं आणि दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं, दोन्ही पुसलं जातं.

प्रत्येक गुणापुढे एक ओळ कारण लिहा. पुढे नकार कळवताना हीच ओळ कामी येते.

एआयचं काय करायचं

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालं, तेव्हापासून घरी केलेलं लिखाण कुणाचं हे नुसतं बघून सांगता येत नाही. ओळखणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. अशा साधनाच्या भरवशावर प्रामाणिक माणसाला खोटं ठरवणं हे भरतीत करता येण्याजोग्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी आहे.

करायचं ते असं. तुमचा प्रश्न आणि फाइल स्वतःच २-३ एआय साधनांना द्या, आलेलं उत्तर गुणपत्रकावर तपासा. ३० पैकी २० मिळाले तर प्रश्न बदला, कारण २० गुणांच्या उत्तराने आता काहीच सिद्ध होत नाही. त्यानंतर धोरण ठरवा आणि सूचनांच्या पानावर लिहा. त्या पदावर रोजच्या कामात एआय वापरलं जाणार असेल तर वापरू द्या, आणि कुठे वापरलं, त्याचं काय नाकारलं, हे ३ ओळींत मागा. मनाई करायची असेल तर घरी काम देऊ नका, समोर बसवून द्या. जी मनाई तपासता येत नाही ती फक्त नियम पाळणाऱ्यांना महागात पडते.

४० मिनिटांची चर्चा

उत्तर कुणाचं आहे आणि किती खोल आहे, हे इथे उघड होतं. सुरुवातीला ५ मिनिटं उमेदवाराला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, मध्ये तोडू नका. पुढची १५ मिनिटं निर्णयांवर: या दुबार ओळी काढल्या, का? ठेवल्या असत्या तर? आलेख महिन्यांचा का घेतला, आठवड्यांचा का नाही? 'हे तूच केलंस का' असं विचारायची गरज पडत नाही. ज्याने विचार केलाय तो नाकारलेल्या वाटांबद्दल बोलतो. ज्याने केला नाही तो उत्तरातलीच वाक्यं पुन्हा म्हणतो.

मग १५ मिनिटं एक अट बदला. 'समजा मार्चपासून दरच बदलला होता. मग तुमच्या निष्कर्षाचं काय होईल?' फाइल समोर उघडून जागीच काम करू द्या, घाई नको, शोधायचं असेल तर शोधू द्या. ही बदललेली अट सर्व उमेदवारांना सारखीच असावी आणि तिचंही छोटं गुणपत्रक आधी लिहिलेलं असावं. उरलेली ५ मिनिटं त्याच्या प्रश्नांसाठी.

ज्याला पेरलेला दोष सापडला नव्हता, त्याला ती ओळ दाखवा: नग १०, दर २०, एकूण २,४००. काही म्हणू नका, थांबा. काही जण अर्ध्या मिनिटात 'अरे, हे डझन आहेत' म्हणतात आणि लगेच आपला निष्कर्ष स्वतःच मोडतात. अशा माणसाला चर्चेचे पूर्ण गुण द्या. कागदावर चुकून समोर सुधारणारा माणूस हातचा जाऊ देऊ नये.

नकार कसा कळवायचा

उत्तर मिळाल्याचं त्याच दिवशी, निकाल ५ कामाच्या दिवसांत. उशीर होणार असेल तर उशीर होतोय हे तरी कळवा. उत्तर पाठवून महिनाभर काहीच कळलं नाही, ही वागणूक लोक विसरत नाहीत आणि आपल्या ओळखीतल्यांना सांगतात.

नकाराच्या पत्रात कामाबद्दलच्या ३ ओळी हव्यातच: एक चांगलं, एक कमी पडलेलं, दोन्ही नेमकं. 'दुबार ओळी आपण काढल्या आणि तसं लिहिलंत, हे आवडलं. शाखा क्रमांक ४ च्या नगांचा आणि एकूण रकमेचा मेळ बसत नव्हता, तो तपासायचा राहिला आणि मुख्य निष्कर्ष त्यावर उभा होता. या वेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.' तपासताना लिहिलेल्या कारणांच्या ओळींवरून हे ५ मिनिटांत होतं. 'आपली प्रोफाइल जुळत नाही' हे वाक्य २ तास काम केलेल्या माणसाला पाठवू नका. पोच, निकाल, कारण या तिन्ही गोष्टी पाठवणाऱ्याचं नाव असलेल्या पत्त्यावरून जाऊ द्या, उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून नको.

पुढच्या भरतीआधी

प्रश्न फुटतात. तेच काम वर्षभर वापरलंत तर उत्तरं फिरू लागतात. सांगाडा तोच ठेवून आकडे, शाखा आणि पेरलेल्या दोषाची जागा दर भरतीला बदला. एकाच भरतीत मात्र सर्वांना एकच आवृत्ती.

घेतलेल्या माणसाचे असाइनमेंटचे निकषवार गुण जपून ठेवा आणि ६ महिन्यांनी त्याच्या वरिष्ठाला, ते गुण न दाखवता, त्याच निकषांवर गुण द्यायला सांगा. पाच-सहा जणांवरून ठाम काही म्हणता येत नाही, आणि ज्यांना नाकारलं ते कसे निघाले असते हे तर कधीच दिसत नाही. पण एखाद्या निकषावर ३ मिळालेला आणि १ मिळालेला कामात सारखेच निघत असतील, असं दोन-तीन भरत्यांत दिसलं, तर तो निकष काढा. काम तेवढं लहान होईल आणि पुढच्या ६ जणांची प्रत्येकी २०-२५ मिनिटं वाचतील.

नाकारलेल्यांच्या फाइली ६ महिन्यांत पुसून टाका, आणि पुसणार आहोत हे सूचनांच्या पानावर आधीच लिहा.